घ्यायला आलेली

आमच्याकडे लग्न झालेली पोरगी माहेरी जात नाही, तिला नेतात. भाऊ नाहीतर बाप घ्यायला येतो, चहा पितो, "चल, उठ" म्हणतो आणि ती त्याच्यामागून निघते. माझं सासर सानगडीचं, माहेर पार मध्यप्रदेशच्या हद्दीवर, बपेऱ्याला. मधे अख्खा जिल्हा. माझी पोरगी कॉलेजात जायला लागली, तरी ह्या वाटेवरचं एकही तिकीट मी माझ्या हातानं काढलं नव्हतं. सरकारनं बायकांचं तिकीट अर्धं केलं तेव्हा गल्लीतल्या आम्ही सगळ्या हसलो होतो. अर्ध्या तिकिटाच्या बाईसोबत पुऱ्या तिकिटाचा माणूस लागायचाच की!

मग बाप गेला. भाऊ गुजरातेत कंपनीत लागला. घ्यायला येणारं कोणी उरलं नाही आणि माझं माहेर तिथंच थांबलं. माय फोनवर विचारायची, "येशीन का वो?" मी म्हणायची, सोबत मिळू दे, मग येईन. भाऊ सांगायचा की माय आताशा विसरते, चुलीवर काय ठेवलं तेही विसरते. मी ऐकून घ्यायची. एक दिवस तिनं मलाच विचारलं, "कोन बोलून राहिली तू?"

माय मला पुरती विसरायच्या आत मला तिच्यासमोर उभं राहायचं होतं, बस.

घरी धानाचं चुरणं चालू होतं, खळ्यावर मळणीची घाई. नवरा म्हणाला, "चुरणं आटपू दे, मंग मीच पोचवून देतो." सासू म्हणाली, "एकटी कशी जाशीन वो? जमाना खराब आहे."

माझं डोकं फिरलं. "काहून? मोहफुलं वेचाले अंधारात टोपली घेऊन जंगलात कोन जाते? मीच ना? तिथं वाघ फिरते. तवा तुमचा जमाना कुठी जाते?"

सासू उठून आत गेली. नवऱ्यानं पावडं उचललं आणि खळ्याकडे गेला. मी जिंकले खरी, पण सांगते, भ्याले मीच होते. जंगलात काय करायचं ते मला ठाऊक आहे. बसस्टँडवर काय करायचं ते कोणी कधी करूच दिलं नव्हतं. आणि मीही कधी मागितलं नव्हतं.

तरी सकाळी निघाले. साकोलीला भंडाऱ्याची गाडी मिळाली, गर्दीच्या रेट्यानंच आत गेले. कारध्याच्या पुलावर वैनगंगा दिसली तसे सवयीनं हात जोडले. भंडाऱ्याला उतरले, पिशवी मांडीवर घेतली आणि बाकड्यावर बसले. तुमसरची गाडी लागली. पाटी मी वाचली, चांगली ठळक होती. लोक चढले, कंडक्टरनं आवाज दिला, गाडी हलली आणि फाटकातून बाहेरही गेली. मी आपली बाकड्यावरच!

मला वाटलं होतं, कोणीतरी म्हणेल, "चल, उठ."

कपाळावर हात मारला मी. असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. भावाचा नाही, नवऱ्याचा नाही, माझ्या त्या बसून राहण्याचा. मला अडवायला तिथं कोणीच नव्हतं आणि तरी मी उठले नव्हते. अगं बाई, पायाला काय मेंदी लावली आहे?

दुसरी गाडी नीट थांबायच्या आत मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. कोपरं मारत चढले. शेजारी एक टोपीवाला म्हातारा येऊन बसला. मला वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "एकट्याच का बाई? सोबत कोनी नाही?"

"आहे ना," मी म्हटलं. "तुमी आहा, कंडक्टर आहे, डायवर आहे. गाडी खच्चून भरली आहे, बावाजी. एकटी कुठी आहो मी?"

कंडक्टर खो खो हसला. मी पैसे पुढं केले आणि मोठ्यानं म्हटलं, "एक तुमसर." तिकीट पर्समध्ये टाकलंच नाही, उतरेपर्यंत मुठीत धरून ठेवलं.

तुमसरला पुन्हा गाडी बदलली. बपेऱ्याला पोचले तेव्हा माय अंगणात सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली. मला ओळखलं! पण नजर लगेच माझ्या मागं, रस्त्याकडे गेली.

"घ्याले कोन गेलता तुले?"

"कोनीच नाही. माही मी आली."

"एकटी?"

"एकटीच."

तिनं सूप खाली ठेवलं. वाटलं, आता शिव्या बसतात. पण ती लहान पोरीसारखं हळूच म्हणाली, "मंग मलेबी नेशीन का? माह्या माहेराले?"

मायचं माहेर गावाजवळच्या नदीच्या पल्याडच आहे. पुलावरून रोज गाड्या जातात. मामा वारला तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर तिला घ्यायला कोणी आलं नाही, आणि ती गेली नाही. आम्ही समजत होतो, तिला तिकडची ओढच राहिली नाही. लेकीचा आवाज विसरली होती माझी माय, पण हे नव्हती विसरली.

पिशवी अजून माझ्या खांद्यावरच होती. ती मी उतरवलीच नाही.

"चल, उठ," मी म्हटलं. "मी आली ना तुले घ्याले."