वाढ मोजायला निघालेले आम्ही तिघे

सर्वेच्या नोकरीत फॉर्म तीन प्रतींत भरायचे, आणि ते वरच्या ऑफिसात गेले की पुन्हा दिसायचे नाहीत. किस्से मात्र कुठेच पाठवावे लागत नव्हते, त्यामुळे ते साचतच गेले! अजूनही मित्र चहाला जमले की एक निघतो, आणि त्याच्या मागून दुसरा आपोआप येतो.

गोष्ट साठ सालच्या आसपासची. नंदुरबार, शहादा, तळोदा हा सगळा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. आमचं काम म्हणजे गावोगाव फिरून कोणते कारखाने निघाले, काय माल तयार झाला, किती पक्की बांधकामं उठली, ते लिहून घ्यायचं. त्यावरून म्हणे या भागाची वाढ कळणार होती! सामंतसाहेब मालवणकडचे, आवाज कडक आणि मन एकदम मऊ. सुकानाना शिपाई इथलेच. साहेबांना अहिराणी समजत नसे, म्हणून दुभाषीही तेच. तिसरा मी, कारकून.

*

पहिलाच दौरा नंदुरबारच्या एका जिनिंगचा, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचा. साहेबांनी म्हाताऱ्या मॅनेजरला विचारलं, "यंदा नवीन मशिनरी कोणती बसवली?"

"भोंगा," मॅनेजर छाती फुगवून म्हणाले.

"अहो, भोंग्याने उत्पादन कसं वाढणार?"

"कापसाचं नाही वाढलं साहेब. पण आजूबाजूच्या सगळ्या गावांत आता भाकरी वेळेवर पडते!"

साहेबांनी पेन्सिल थांबवली. मग त्यांनी स्वतःचं घड्याळ काढलं आणि गुपचूप भोंग्याच्या वेळेवर लावून घेतलं.

*

म्हसावदला एक वीटभट्टी होती. खाटेवर पागोटेवाला गृहस्थ बसलेला, समोर त्याची बायको चिखल तुडवत होती.

"मालक कोण?" साहेबांनी विचारलं.

"मीच!" खाटेवरून उत्तर आलं.

माती कुठून आणता? "तिले इचारा." विटा किती दिवस वाळवता? "तिले इचारा." भट्टीला लाकूड किती लागतं? त्यालाही तेच.

बाई तुडवता तुडवता सगळं सांगत होती, मी लिहीत होतो. शेवटी साहेब वैतागून तिला म्हणाले, "बाई, मग हे काय करतात?"

नानांनी तो प्रश्न अहिराणीत विचारला. बाईने पदराने कपाळ पुसलं आणि शांतपणे म्हणाली,

"भट्टी पेटनी का, तठे बसीसन शेकतस!"

खाटेवरचा गृहस्थ सगळ्यात जास्त हसला. पण जाताना मी मागे वळून पाहिलं, तर पागोटं खाटेवर होतं आणि तो चिखलात!

*

एकदा वरून पत्र आलं. शहाद्याकडच्या एका गावात तेलघाण्या एकदम दुप्पट झाल्या, या प्रगतीची कारणं ताबडतोब कळवा, असा त्यात हुकूम. साहेब खूश! आपल्या भागाची कोणीतरी दखल घेतली. लगेच जीप काढली.

गावात पोचलो तर खरोखर एका घाणीच्या दोन झाल्या होत्या. मध्ये नवी कोरी भिंत. दोघे भाऊ वेगळे झाले होते! भिंतीच्या अलीकडे थोरला, पलीकडे धाकटा, आणि आई रोज सकाळी इकडे, संध्याकाळी तिकडे जेवायची.

साहेबांनी तिला समजावून सांगितलं की सरकार तुमच्या गावावर खूश आहे. म्हातारीने नीट ऐकून घेतलं.

"सरकारले सांगा, पुढला साल खूश ऱ्हावू नका," ती म्हणाली. "मी भिंत पाडनार शे!"

आणि पाडली हो! पुढच्या वर्षी तिथे एकच घाणी, आणि वरून पुन्हा पत्र: या अधोगतीची कारणं कळवा. साहेबांनी एका ओळीत उत्तर लिहिलं, "भाऊ एक झाले."

*

काठी गावाच्या अलीकडे डोंगरात एक पाडा होता. जीप खाली ठेवून दुपारभर चढलो. आमच्या फॉर्मवर घरांचे दोनच प्रकार, कच्चं आणि पक्कं. पाड्याचे कारभारी रुमादाजी सागाच्या खांबांचं, कुडाचं ऐसपैस घर दाखवत होते. साहेबांनी लिहिलं, कच्चं.

नानांनी ते सांगताच दाजींनी विचारलं, "मग पक्कं कुठलं?"

साहेबांनी कागद चाळले. "पाड्यावर एकच आहे. शाळा. दगड-चुन्याची."

दाजी हसले आणि आम्हाला घरात घेऊन गेले. आत पंचवीस-तीस पोरं मोठमोठ्याने पाढे म्हणत होती. मास्तर धडपडत उठले आणि म्हणाले, "काय करणार साहेब! पक्की शाळा पडली ना!"

साहेब खोडरबर शोधत बसले. दाजींनी मात्र त्यांच्या हातात ताकाचा वाडगा दिला. "आधी हे घ्या. घर कुठे पळून जात नाही," नानांनी भाषांतर केलं. "जे पळणार होतं ते गेलं!"

*

आणि ही सारंगखेड्याची. हिरालालभाईंनी गावातलं पहिलं स्लॅबचं घर बांधलं. वास्तुशांतीचा दिवस ठरला, पाहुणे आले, आणि हिरालालभाईंचे वडील, लक्ष्मणबापू, उंबऱ्याशी अडले. सेंट्रिंगच्या फळ्या काढलेल्या. वर ना सरा, ना खांड, लाकडाची एक तुळई नाही, नुसती सपाट पांढरी पाटी!

"हाई कसावर टेकेल शे?" बापूंनी विचारलं, आणि बाहेर निंबाखाली जाऊन बसले. "मी मधमा येवाव नही. मन्ही नातले बी जाऊ देवाव नही."

आम्ही नेमके त्याच दिवशी पोचलो. साहेबांनी सळयांचं शास्त्र सांगितलं. मिस्त्रीने स्लॅबवर उड्या मारून दाखवल्या. बापू हलेनात. भटजी घड्याळ बघायला लागले. हिरालालभाई तर रडकुंडीला आले. आयुष्यभराची हौस, आणि बापच बाहेर!

शेवटी नानांनी विचारलं, "बापू, तुमना भरवसा कोणावर शे?"

"मन्ही घोडीवर," बापू तात्काळ म्हणाले. घोडी तिथल्याच घोड्यांच्या जत्रेत घेतलेली. एकदा तापीच्या पात्रात ती अडून बसली होती, चाबूक मारला तरी पाऊल टाकेना. समोर गाळ होता. बापू त्या दिवशी वाचले ते तिच्यामुळे.

मग काय! घोडी बाहेरच्या जिन्याने वर चढवली. अख्खं गाव माना वर करून उभं. तिने कड हुंगली, एक खूर आपटला, दुसरा आपटला, आणि ठुमकत स्लॅबच्या बरोबर मधोमध जाऊन उभी राहिली. शेपटी हलवली आणि चक्क डुलकी काढायला लागली!

बापू उठले. धोतर झटकलं, नातीचं बोट धरलं आणि घरात शिरले. हिरालालभाईंनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. पूजा झाली, पंगती उठल्या.

घोडी मात्र उतरेना! घोडं जिना चढतं, उतरायला घाबरतं, हे कोणाच्या लक्षातच नव्हतं. मिस्त्रीने जिन्यावर माती टाकून उतार करायला घेतला. तोवर सूनबाई तिला वरच पुरणपोळी नेऊन देत होत्या.

आम्ही ओट्यावर बसून फॉर्म पुरा करत होतो. शेवटचा रकाना होता, 'बांधकामाची मजबुती तपासणाऱ्याचे नाव'.

साहेबांनी एकदा वर बघितलं, पेनाचं टोपण काढलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं,

"बापू, घोडीचं नाव काय?"