ठिपके पुसायचं बटण

खालची जमीन दिसायची बंद झाली तेव्हा आम्ही पन्नासेक फुटांवर होतो.

नांदूरघाटजवळचा माळ, मे महिना, शेजारी नांगरलेलं रान. अशा जागी हेलिकॉप्टर उतरायला लागलं की पंख्याच्या वाऱ्याने इतका फुफाटा उठतो की पायलटला काचेबाहेरचं काही दिसत नाही. आमचं मशीन त्यासाठीच होतं. मिलिमीटर-वेव्ह रडार. त्याच्या लहरी काही मिलिमीटर लांबीच्या. त्या धुळीतून, धुक्यातून पार जातात, अडथळ्यावर आपटून परत येतात आणि स्क्रीनवर चित्र उमटतं. खांब, झाड, घर नीट दिसतं. विजेची तार मात्र रेघ म्हणून येत नाही. ओळीत ठिपके येतात.

आत्ता स्क्रीनवर सात-आठ ठिपके होते. ओळीत.

"मॅडम, वायर आहे का?" कॅप्टन जोशींनी हेडफोनवर विचारलं.

"नाही सर, नॉइज आहे."

नॉइज म्हणजे मशीनला होणारे भास. ते पुसायचं बटण माझ्यासमोर होतं, मीच बसवलेलं. दाबलं की पायलटच्या स्क्रीनवरूनही ठिपके जातात. मला खात्री होती, कारण परवाच मी तो अख्खा माळ पायाखाली घातला होता. एकही तार नव्हती. माझं बोट बटणापर्यंत गेलंसुद्धा.

"मला दिसतायत. मी वर जातोय," कॅप्टन म्हणाले आणि गेले.

मला राग आला. चांगली चाललेली ट्रायल भासापायी मोडली म्हणून. वर घिरट्या घालत आम्ही धूळ बसायची वाट पाहिली. मग तार दिसली. रस्त्याकडच्या लाइनवरून निघून, दोन बांबूंवरून, थेट विहिरीवरच्या मोटारीपर्यंत. आमच्या वाटेत आडवी. मी बटणाजवळचं बोट मागे घेतलं.

माळाच्या दुसऱ्या टोकाला उतरून मी विहिरीवर गेले. रानाचे मालक तिथंच होते. गाव त्यांना बाप्पा म्हणतं.

"बाप्पा, ही तार परवा नव्हती."

"हुती की. तुमी आलते तवा काढून ठिवलती."

"का?"

"ताई, टपावर शिडी असलेली पांढरी जीप आली की गावात फोन फिरतो, वीजवाले आले म्हून. समदे आकडे काढतेत. तुमी गेलात, परत टाकले."

परवा आमच्या जीपवर शिडी होती, रडारच्या चाचणीच्या खुणा उंचावर बांधायला.

"मग आज हेलिकॉप्टर दिसल्यावर काढायची ना."

"हेलिकाप्टरनं वीजवाले कदी आलेत का?" बाप्पा म्हणाले.

संध्याकाळी रिपोर्टात लिहिलं: मशीनने तार पकडली, इंजिनिअरने नाकारली. पुण्याहून बॉसचा फोन आला.

"'इंजिनिअरने नाकारली' हा भाग काढ. क्लायंट काय म्हणेल?"

"तो काढला तर ते पुसायचं बटण मशीनवर तसंच राहील, सर."

शेवटी ते म्हणाले, "बरं, तो भाग राहू दे."

बटण काढून टाकलं. आता स्क्रीनवर खरे-खोटे सगळे ठिपके दिसतात आणि पायलट लोक माझ्या नावाने लई कुरकुरतात. मी ऐकून घेते. कुरकुरायला आधी सुखरूप खाली उतरावं लागतं.