चंद्राचा तुकडा आणि डोळखांबची मावशी

त्या केसची आठवण निघाली की मला अजून अवघडल्यासारखं होतं. नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. मी शहापूर तालुक्यात ठाणेदार होतो. कामं ठरलेली: बांधावरच्या मारामाऱ्या, सायकलचोऱ्या आणि जत्रेचा बंदोबस्त. छान दिवस होते ते!

एका सकाळी एक तरुण फिर्याद घेऊन आला. त्याचे काका भातसानगरला धरणावर इंजिनीअर, एकटेच राहायचे. त्यांना अचानक कल्याणच्या इस्पितळात हलवलं होतं. कपडे न्यायला पुतण्या घरी आला, तर कपाटातली डबी रिकामी.

"काय होतं डबीत?" मी विचारलं.

"दगड. चंद्रावरचा."

आमचे हवालदार लिहिता लिहिता थांबले. "साहेब, मग हद्द कुणाची लावू?"

पुतण्या चिडला. चंद्रावर काही आदळलं की तिथले तुकडे उडतात, त्यातला एखादा पृथ्वीवर येऊन पडतो. असा सुपारीएवढा तुकडा काकांनी परदेशातल्या संग्राहकांशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून मिळवला होता. जीव होता त्यांचा त्याच्यावर. आम्ही गुपचूप पंचनामा केला. कुलूप शाबूत होतं आणि दुसरी किल्ली फक्त कामवाल्या मावशींकडे होती.

दुपारी खबरही मिळाली. डोळखांबच्या जीपवाल्याने सांगितलं, "मावशी परवा पदराखाली कायतरी धरून बसलेल्या. गर्दी झाली तरी हात सोडला नाय त्यांनी."

झालं! मावशींना ठाण्यात आणलं. महिला शिपाई शेजारी बसवली आणि मी सुरू झालो.

"दगड कुठाय?"

"कसला दगड, सायेब? मी नाय नेला."

"कपाटातला दगड!"

"दगड कशाला नेऊ मी? आमच्या पाड्यावर काय दगडांचा तोटा हाय?"

तीन तास हेच. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. त्या रडल्या, पण जबाब बदलला नाही. मला वाटलं, बाई भलतीच पक्की आहे. तोवर बातमी धरणाच्या वसाहतीत पोचली होती आणि गेटवर सांगून झालं होतं, हिला आत सोडू नका. पाच घरची कामं एका दुपारी गेली.

शेवटी महिला शिपाईने चहा पुढे केला आणि सहज विचारलं, "मावशी, मग जीपमधून काय नेलंत?"

"देव नेला, गो. सायबांचा."

मी खुर्चीतून उठलोच.

इंजिनीअर रोज सकाळी डबी उघडून भिंगातून पाहायला खाली वाकायचे. मावशींना तो नमस्कार वाटला. धूळ नको म्हणून त्या खोलीत चप्पल बंद होती. डबीला हात लावायला मनाई होती. मग दुसरं काय समजणार? "सायेब इस्पितळात, घर बंद. देव बिनपूजेचा कसा ठेवायचा? आंघोळ करून, कोऱ्या फडक्यात नेला."

पाड्यावर गेलो. कोनाड्यात पाटावर चंद्राचा तुकडा बसला होता. परवापासून रोज न्हाऊन, हळदकुंकू लावून घेत होता. पुतण्याने कपाळ बडवलं, "पाण्याने धुतला? वाट लागली त्याची!"

काकांना हे इस्पितळात सांगितलं तेव्हा ते उशीवरून उठून बसले. मग म्हणाले, "माझ्यासाठी केलं हो तिने. तक्रार मागे घ्या आधी."

घरी परतल्यावर त्यांनी मावशींना दोनदा निरोप धाडला. मावशींचं उत्तर एकच, "चोर म्हणलेत मला. नाय येणार." मग ते स्वतः ठाण्यात आले. "साहेब, तुम्ही चला माझ्याबरोबर. तुम्ही बोललात तर ऐकेल ती."

चौकशीत आपला शब्द समोरच्याच्या तोंडात कोंबू नये, हे मी पुढे प्रत्येक नव्या शिपायाला शिकवलं. मी दगड विचारत होतो आणि त्या खरं तेच सांगत होत्या. पण त्या दिवशी इंजिनीअरना मी बंदोबस्ताचं कारण सांगून वाटेला लावलं. बंदोबस्त कसलाच नव्हता. "मावशी, चुकलं माझं," एवढंच म्हणायचं होतं. अंगात वर्दी होती, जमलं नाही. त्या भातसानगरला पुन्हा कधी आल्या नाहीत.