उजव्या खांद्यावरची शाल

सत्काराची शाल दत्तूदादांच्या उजव्या खांद्यावरून सारखी घसरत होती. तिला अडवायला तिथे हातच नाही. सीमेवर गोळीबारातून दोन जखमी सोबत्यांना ओढून आणताना तो गेला. डाव्या हातात नारळ. फोटोवाला ओरडला, "दादा, शाल दुसऱ्या हातानं धरा की!"

"तो तिकडंच राहिलाय. बोलावून घे," दादा म्हणाले. मंडप खदाखदा हसला.

आपल्याला शौर्य असंच लागतं, टाळ्यांपुरतं आणि फोटोत मावणारं. मंचावरून उतरताना दादांनी कारखान्याच्या अध्यक्षांना तिथल्या पहारेकऱ्याच्या नोकरीचं पुन्हा विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "अहो, तुम्ही तालुक्याचा अभिमान! पण फाटकावर धडधाकट माणूस लागतो." अरे, धडधाकट होता तेव्हाच तर तुम्ही त्याला गोळ्यांसमोर पाठवलात!

माझं डोकंच फिरलं. "दादा, उद्या पत्रक काढतो. अध्यक्षांच्या नावानिशी. गावभर वाटतो."

गोळीबारात न डगमगलेला तो माणूस मला पहिल्यांदाच घाबरलेला दिसला. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "नको रे बाबा. पुढच्या वर्षी सत्काराला बोलावणार नाहीत. मग माझं नाव तरी कोण घेणार?"