ज्याची त्याची रांग

आमच्या नेहरू नगरात एक मॅडम आहेत. शाळेतून रिटायर झाल्या, तरी दहावीच्या मुलांना सोडत नाहीत. रस्त्यात कोणी दिसला की विचारतात, ‘काय व्हायचंय ते नंतर सांग. कोणाचं काम जवळून पाहिलंस?’ आणि उत्तर येईपर्यंत चष्मा पुसत उभ्या राहतात.

परवा त्यांनी मंडळाच्या हॉलमध्ये एका डॉक्टरांना, बँकेतल्या साहेबांना आणि मला बोलावलं. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, बोअरच्या मोटरी दुरुस्त करतो. ज्याचं काम बघायला जायचंय, त्याच्यासमोर मुलांनी रांग लावायची होती. डॉक्टरांची रांग दारापर्यंत गेली. साहेबांचीही बरी होती. माझ्यासमोर नुसता पंखा. मी म्हटलं, ‘हवा तर मलाच जास्त मिळतेय.’ कोणी हसलं नाही.

मंडळाचे सेक्रेटरी हळूच म्हणाले, ‘मॅडम, दोन-चार पोरं इकडे पाठवू का?’

‘कोणाला ढकलायचं नाही,’ मॅडम म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

मला वाटलं, ढकला की हो थोडं.

तेवढ्यात डॉक्टरांच्या रांगेतून माझीच मुलगी निघाली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

मॅडम म्हणाल्या, ‘अगं, बाबांना तर तू रोज बघतेस.’

‘घरी ते नुसते झोपतात, मॅडम. काम करताना कुठे पाहिलंय?’

सगळा हॉल हसला. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, ‘मग बरोबर आलीस.’

भर हॉलमध्ये माझी इज्जत निघाली, आणि मी डॉक्टरांकडे असा बघत होतो, जणू माझीच रांग मोठी आहे.