शेजारचा आरा

मला बैलांची भीती कधीच वाटली नाही. लहानपणी मी त्यांच्या पोटाखालून इकडून तिकडे जायची आणि माय शिव्या घालायची. भीती वाटायला लागली ती शिकल्यावर. लोक म्हणतात, शिकलं की भीती जाते. डोंबलाची जाते.

मी ज्या प्रयोगशाळेत काम करते, तिथं लाळ्या-खुरकुताचा विषाणू वाढवतात. आमच्या शिरूर कासारकडं त्याला नुसतं खुरकूत म्हणतात, आणि नाव काढताना माणसांचा आवाज खाली येतो. जनावराच्या जिभेवर फोड येतात, लाळेच्या तारा लोंबतात, खुरांची कातडी सोलते. ऐन तोडणीच्या तोंडावर बैल बसला तर त्या घरानं माजलगावकडं कारखान्याला जायचं कसं? आमचं घर त्यातलंच. वडील, त्यांना मी दादा म्हणते, दरसाल मायला आणि बैलजोडीला घेऊन ऊसतोडीला जातात.

या विषाणूला प्रथिनांचं कवच असतं, तेच तेच तुकडे एकमेकांत अडकवून बनलेलं. ते उष्णतेनं उकलतं. लसही त्याच कवचाची करतात, म्हणून ती बर्फाच्या डब्यातून आणावी लागते, आणि आमच्याकडं वैशाखात तो बर्फ वेशीपर्यंत टिकत नाही. प्रथिनातलं एखादं अमिनो आम्ल बदललं तर कवच उन्हात टिकेल का, हे बघायचं माझं काम. बहुतेक बदलांनी विषाणू मरतो. तो ज्यांत वाढवायचा त्या बाटलीतल्या पेशी खुशाल जगतात, आणि आम्ही लिहितो, विषाणू जगू शकला नाही.

यंदा उन्हाळ्यात माझा एक बदल असाच मेला. रीतीप्रमाणे त्या बाटलीतलं पाणी नव्या पेशींवर घातलं, त्यातलं पुन्हा नव्या पेशींवर. एका सकाळी बघते तर पेशी मरून, तळापासून सुटून तरंगत होत्या. मेलेला विषाणू उठला होता. मी केलेला बदल जिथल्या तिथं होता, पण विषाणूच्या नकला निघताना होणाऱ्या चुकांतून कवचात आणखी एक अमिनो आम्ल बदललं होतं, आणि त्या एकानं बिघडलेलं सगळं सावरलं होतं. वर आता ते कवच उष्णतेलाही दाद देत नव्हतं. सोबतचे खूश झाले, लशीला असंच कवच पाहिजे होतं. मी मात्र धास्तावले. लशीत टिकणारं कवच जिवंत विषाणूवर होतं की, म्हणजे तोही उन्हात मरायचा नाही.

दादांना फोनवर सांगितलं तेव्हा मी आज्याच्या जुन्या लाकडी चाकाचा दाखला दिला. म्हटलं, मी एक आरा मुद्दाम जाड बसवला, चाक फिरेना.

"मंग सुतार शेजारचा आरा तासतो," दादा म्हणाले.

"तेच झालं तिथं."

"तिथं सुतार कोण हाय?"

"कोणीच न्हाई, दादा. आपोआप झालं."

दादा म्हणाले, "वंगाळ हाय हे."

आमच्याकडं एक नियम कडक पाळतात. विषाणूच्या खोलीत काम केलं की बाहेर पडताना अंघोळ, कपडे तिथंच, आणि पुढचे ठरलेले दिवस गाय, बैल, म्हैस, शेळी कशाच्याही जवळ जायचं नाही. माणसाला काही होत नाही, पण नाकात, घशात विषाणू थोडा काळ राहू शकतो. यंदा सुट्टी मिळाली ती नेमकी पोळ्याला, आणि माझे दिवस पोळ्यानंतर संपणार होते. म्हणून नदीपलीकडच्या आमच्या गावात न जाता मी अलीकडं, शिरूर कासारला मावशीच्या माडीवर उतरले. तिथं साधी शेळीसुद्धा नाही. दादांना सगळं बजावून सांगितलं. ते हो हो म्हणाले. बापानं हो हो म्हटलं की समजून जावं, कान दुसरीकडं आहेत.

पोळ्याच्या दुपारी खालून घुंगरांचा आवाज आला. खिडकीतून बघितलं आणि माझं धाबं दणाणलं. दादा दारात उभे, हातात दोन्ही कासरे. बैलांच्या शिंगांना रंग, रंगीत गोंडे, अंगावर झूल. लेकीनं ओवाळल्याशिवाय सण कसा व्हायचा, म्हणून हा माणूस जोडी घेऊन नदी ओलांडून आला होता.

खालच्या पायरीपर्यंत धावत येऊन मी ओरडले, "दादा, मागं सरका." पण जोडीतल्या पांढऱ्यानं माझा आवाज ओळखला. तो हातभर असताना मीच त्याला पेंड चारलीय. कासरा हिसडून तो उंबऱ्यात आला आणि मी तोंडावर धरलेला हात त्यानं चाटला. मनगटापासून बोटांपर्यंत, चांगला खरखरीत. त्याचा गरम श्वास माझ्या तोंडावर आला, म्हणजे माझाही त्याच्या नाकात गेलाच असणार.

"काय केलंत हे, कशाला आणलंत त्यांना?" मला रडू फुटलं. "आता वेशीत नेऊ नका. सगळ्या गावाचे बैल उभे असतील तिथं."

"सणाच्या दिवशी आपलीच जोडी न्हाई? लोक काय म्हणतील?"

"लोकांचे बैल पडले तर काय म्हणतील?"

दादांनी माझ्याकडं बघितलं. कोपरापर्यंत हात धुवायला मी नळाकडं धावले होते. ते बैल वळवून गेले.

तिथून पुढं माझा जीव टांगणीला लागला. पांढऱ्याला लस दिलेली होती, पण ती जुन्या कवचाची. माझ्या बाटलीतलं नवं कवच तिला ओळखू येईल का, हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या नाकात खरोखर काही असण्याचा संभव फार थोडा, हे मला कळत होतं. कळून काय उपयोग? डोळे मिटले की लाळेच्या तारा दिसायच्या. माझे दिवस संपले, तरी मी माडीवरून हलले नाही. सकाळ-संध्याकाळ दादांना फोन करायची, "लाळ गळतीय का? लंगडतोय का?"

"ठणठणीत हाय. तू जेव."

मग एका सकाळी मायचाच फोन आला. "तुझा बाप पोळ्यापासून घरी न्हाई आला. बैल घेऊन शेतातच ऱ्हातोय. डबा बांधावर ठिवून जा म्हणतो. काय झालंय गं?"

जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला, सगळं खरं सांगितलं आणि त्यांच्या गाडीवर मागं बसून शेत गाठलं.

लांबूनच दिसलं. बाभळीखाली तांबडा वैरण खात होता. पांढरा वेगळा, बांधाच्या कडेला बांधलेला, मान खाली घातलेली, आणि तोंडातून जमिनीपर्यंत लाळ.

"तिथंच थांब," दादा ओरडले. दाढी वाढलेली, पोळ्याचा सदरा अंगावर तसाच, मळलेला. "म्होरं येऊ नको. आता मी दिवस पाळतोय. परवापास्नं गळतीय त्याची."

"मग ठणठणीत हाय कशाला सांगत होता?"

"तू तिकडं उपाशी ऱ्हायली असती म्हणून."

डॉक्टरांनी हातमोजे चढवले, खुरं एकेक करून बघितली, मग तोंड उघडलं. मी बांधावर माझीच बोटं चावत उभी. त्यांनी बराच वेळ आत बघितलं, चिमटा घातला आणि काहीतरी ओढून काढलं. गोंड्यातली तार होती, रंगीत दोरा गुंडाळलेली. पांढऱ्यानं तांबड्याच्या शिंगाचा गोंडा चघळला होता. "फोड एकही नाही," डॉक्टर म्हणाले. "ताप नाही, खुरं साफ आहेत. तरी नमुना पाठवू आणि आणखी थोडे दिवस जोडी इथंच ठेवा."

"झूल काढलीत, मग गोंडे का ठेवले?" माझा आवाज चिडका निघाला. मला खरं तर त्यांच्या गळ्यात पडून रडायचं होतं.

"तू ओवाळलं न्हाईस अजून," दादा म्हणाले. "साज कसा उतरवायचा?"

नमुन्यात काही निघालं नाही. तो निरोप आला त्या दिवशी मायनं ताट करून दिलं, निरांजन आणि पुरणाचा घास. मी शेतात गेले. पांढऱ्यानं मान वर केली, कान हलवले आणि ती जीभ पुन्हा माझ्या हाताकडं लांबवली. मी हात पाठीमागं घेतला. ताट एका हातात कलंडत होतं.

"दिवस भरलेत ना तुझे?" दादांनी विचारलं.

"भरलेत."

"मंग?"

काय सांगू त्यांना? बाटलीतलाही मेला म्हणून मीच लिहिलं होतं, आणि तो उठला होता. दादांनी माझ्या हातातलं ताट घेतलं आणि त्यांनीच दोन्ही बैलांना ओवाळलं. मी बांधावर उभी राहून बघत होते.