आक्कांचं वाळवण

आक्का रस्त्याला 'पावणा' म्हणायच्या. सकाळी शेळ्या घेऊन वस्तीवरून खाली उतरल्या की वळणापाशी थांबायच्या, काठी टेकायच्या आणि मोठ्यानं विचारायच्या, "पावणा उठला का रं?" तेवढ्यात एखादी पांढरी गाडी वळणावरून सुसाट निघून जायची. मग त्या शेळ्यांकडे वळून म्हणायच्या, "उठलाय. थांबा बायांनो." एकदा मी विचारलं, रस्त्याला पावणा कशाला म्हणता? त्या म्हणाल्या, "पावणा चार दिस ऱ्हातो आन् जातो. ह्यो आला, पसारला, आन् घरातलीच माणसं कमी कराया लागला."

नसरापूरकडून मार्गासनीकडे जाताना भोर तालुक्याच्या शिवेवर आमचं गाव लागतं. गाव खाली नदीच्या अंगाला आणि आक्कांची वस्ती वर डोंगराच्या अंगाला. मधून रस्ता, आणि रस्त्याला नेमकं तिथंच आंधळं वळण. शाळा, नळ, एसटीचा थांबा, मसणवटा, सगळं खाली. म्हणजे वस्तीवरच्या माणसाला शिकायला, पाणी भरायला आणि मेल्यावरसुद्धा रस्ता ओलांडावा लागतो. पूर्वी रस्त्यात एवढे खड्डे होते की एसटी बैलगाडीच्या चालीनं यायची. चांगला रस्ता हवा म्हणून गावानं रास्ता रोको केला, त्यात आक्का सगळ्यात पुढं मांडी घालून बसल्या होत्या. रस्ता झाला, गुळगुळीत झाला, आणि शनिवार-रविवारी गडांवर जाणाऱ्या पुण्याच्या गाड्या वाऱ्यासारख्या जायला लागल्या. "म्याच बसले व्हते रस्त्यात," आक्का म्हणायच्या, "आता म्याच उठून पळतीया."

मी शेळ्या-बोकडांचा व्यापारी. बापानं मला काही ठेवलं नाही, टेम्पोपासून गोठ्यापर्यंत सगळं मी भावात भांडून उभं केलंय. बाजारात माझ्या तोंडाला लागायला माणसं घाबरतात. आक्का घाबरत नव्हत्या. मी बोकडाच्या पाठीवर हात ठेवून तोंड वाकडं केलं की त्या म्हणायच्या, "शेट, बोकड बरा हाय. तुजं त्वांडच तसलं हाय, त्याला ह्यो काय करंल." आणि त्यांचा एक नियम होता. इसाराचे आगाऊ पैसे हातात पडल्याशिवाय दाव्याला हात लावू द्यायच्या नाहीत. वर्षानुवर्षं मी त्यांचा माल घेत होतो, तरी नियम तोच. मी रागावलो तर शांतपणे म्हणायच्या, "इसार म्हंजी पैका न्हवं. तू माघारी येनार, ह्याची खूण हाय ती." व्यवहाराची ही व्याख्या मला दुसऱ्या कुणी शिकवली नाही.

नवीन रस्त्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांची सून त्या वळणावर गेली. डोक्यावर गवताचा भारा होता, त्यामुळे तिला बाजूचं दिसलं नाही, आणि गाडीवाल्याला वळणामुळे ती दिसली नाही. गाडी थांबली नाही. मागं लहान पोर राहिली. मुलगा शिरवळच्या कंपनीत कामाला. पोरीला सांभाळायचं आक्कांकडे आलं, आणि तिला शाळेत जाताना रोज तोच रस्ता, तेच वळण. आक्कांना रडताना मी पाहिलं नाही. फक्त त्या दिवसापासून शेळ्यांच्या आधी त्या पोरीला रस्ता ओलांडून द्यायला लागल्या, तिचं मनगट असं धरून की पोरीच्या हातावर बोटं उमटायची. "दुसरं कायबी नको," मला म्हणाल्या, "वळनावर तेवढा गतिरोधक करून दे. तुला बोलाया येतं."

मी त्यांना टेम्पोत घालून भोरला बांधकामाच्या ऑफिसात नेलं. तिथला साहेब वाईट नव्हता. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "एका अपघातावर तिथं गतिरोधक बसवता येत नाही. मोठा रस्ता आहे, नियम आहेत. आणखी काही झाले, तर ठिकाण धोकादायक म्हणून प्रस्ताव करता येईल."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "आणखी किती पाहिजेत ते सांगा, साहेब. मी व्यापारी आहे, आकडा बोला, इथंच सौदा ठरवू."

साहेब लालबुंद झाला. आक्कांनी माझी बाही ओढून मला खाली बसवलं आणि अगदी समजुतीच्या आवाजात त्याला म्हणाल्या, "साहेब, आमच्या वस्तीत मानसंच थोडी हायती. पुरायची न्हाईत."

गतिरोधक मिळाला नाही. पण त्या हंगामात त्यांनी स्वतःचा तोडगा काढला. आमच्याकडे नाचणीची कणसं रस्त्यावर पसरायची जुनी रीत आहे. वरून गाड्या जातात, फुकटात मळणी होते. आक्कांनी पाहिलं होतं की कणसं पसरलेली दिसली की गाडीवाला आपोआप वेग कमी करतो. मग त्यांनी वस्तीला आणि गावाला सांगून पाळ्या लावल्या. आपापल्या दारापुढं कुणी वाळवण घालायचं नाही, सगळ्यांनी वळणावरच घालायचं, आणि शाळेच्या वेळेला ते रस्त्यावर असलंच पाहिजे. नाचणी संपली की वरई, वरई संपली की भाताचा पेंढा. गाड्या यायच्या, कचकन मंद व्हायच्या, आणि पोरं दप्तरं सांभाळत पलीकडे जायची. आक्का बाजूच्या दगडावर बसून बघायच्या. "मानूस बगून थांबत न्हाईत," त्या म्हणायच्या. "वाळवन बगून थांबत्यात. चाकाला कायतरी लागंल ह्याचं भ्या."

दोन हंगाम त्या वळणावर कुणाला साधं खरचटलंही नाही. सरपंच सभेत सांगायचा, आमच्या गावानं स्वतःच्या डोक्यानं मार्ग काढला. पोलिसांनी एकदा येऊन दम दिला, रस्त्यावर वाळवण घालणं गुन्हा आहे. सरपंचानं त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

तिसऱ्या हंगामात पहाटे अवकाळी शिंतोडे पडून गेले होते. त्या दिवशी पाळी सरपंचाच्या घरची होती. मी वस्तीवर बोकडं भरायला गेलो होतो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं की त्यांचा गडी पिवळ्या ताडपत्रीतून कणसं पसरतोय. आक्का त्याला म्हणाल्या तेही मी ऐकलं, "आज वली हायती, आज नगं टाकू." गडी म्हणाला, "मालकांनी सांगितलंय." थोड्या वेळानं मोटारसायकलींचा एक घोळका आला. पहिल्या पोराची गाडी ओल्या देठांवरून सरकली आणि तो तिच्याखाली फरफटत कठड्यापर्यंत गेला. त्याचा पाय गुडघ्यातून गेला. कॉलेजातला पोरगा होता.

संध्याकाळी सरपंच आक्कांच्या ओट्यावर आला. मी तिथंच होतो, आणि मला उठ म्हणायची त्याची हिंमत नव्हती.

"आक्का, पोलीस इचारत्यात, नाचणी कुणाची. माझं नाव आलं तर पद जाईल. मग गावाचं काम कोण करणार? तुमच्या वयाकडं बघून कोण तुम्हाला आत घालतंय?"

आक्कांनी पोरीला आत पाठवलं. मग म्हणाल्या, "म्या घेती माज्यावर. वळनावर गतिरोधक करून दे."

"दिला."

"कवा?"

"शिमग्याच्या आत. गावदेवाची शपथ."

मी म्हणालो, "आक्का, इसार घ्या. ग्रामसभा बोलवा, चार माणसांसमोर बोलायला लावा. नुसत्या तोंडावर सौदा करू नका."

माझ्यासारख्या जुन्या गिऱ्हाईकाचाही इसार ज्या सोडायच्या नाहीत, त्या आक्का माझ्यावरच चिडल्या. "गावच्या सरपंचाकडनं कसला इसार घ्यायचा? त्यो का बाजारात आलाय? माज्या हाताखाली वाढलंय ते पोर. गाव म्हंजी घर हाय, शेट. तुला घर म्हाईत न्हाई, बाजारच म्हाईत."

सरपंच खाली मान घालून बसला होता. ते बोलणं मला आजही टोचतं, कारण त्यात माझ्याबद्दल जे होतं ते खरं होतं आणि गावाबद्दल जे होतं ते खोटं होतं.

पोराला बघायला जायचंच म्हणून त्यांनी हट्ट धरला. मी त्यांना पुण्याच्या दवाखान्यात घेऊन गेलो. टोपलीत गावठी अंडी होती, भुश्यात एकेक रोवून आणलेली. पोराची आई बाहेर बाकड्यावर बसली होती. तिनं आक्कांकडे वर-खाली पाहिलं आणि विचारलं, "रस्त्यावर ते टाकणाऱ्या तुम्हीच का?"

मी बोलायला तोंड उघडलं. आक्कांनी माझा हात दाबला. "व्हय," म्हणाल्या, "म्याच."

ती बाई उठली. आत गेली आणि दार लोटून घेतलं. आक्का टोपली बाकड्यावर ठेवून आल्या. टेम्पोत म्हणाल्या, "तिचंबी बराबर हाय. तिच्या पोराला काय ठावं, आमी कशापायी टाकत व्हतो."

पुढं भोरच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. आक्का एसटीनं जायच्या, व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायच्या, पुढची तारीख घेऊन परत यायच्या. गावातलं एकही माणूस सोबत गेलं नाही. पाळ्या लावून वाळवण घालणारं सगळं गाव आता म्हणत होतं, म्हातारीला नाही नाही ते सुचतं. ज्यांची पोरं तिच्यामुळे सुखरूप शाळेत गेली, त्यांच्याच तोंडून मी हे ऐकलं, आणि दोघांची तर मी भर चावडीत गचांडी धरली. त्यांच्याकडून बोकड घेणं मी तेव्हापासून बंद केलंय.

शिमग्याच्या आत गतिरोधक झाला. वळणावर नाही. वळण संपून रस्ता सरळ होतो तिथं, सरपंचाच्या पोराच्या हॉटेलापुढं. गाडी मंद झाली की माणूस चहाला उतरतो, हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. मी सरपंचाला गाठलं. तो म्हणाला, वरून जागा तीच मंजूर झाली, वळणावर बसत नाही. मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आक्का काठी टेकत तो बघायला गेल्या. पांढरे पट्टे मारलेले होते. त्यांनी पायानं चाचपला. "चांगला झालाय," म्हणाल्या. "पावन्याला उशी झाली. फकस्त माज्या दारात न्हाई, त्यांच्या दारात."

वाळवण बंद झालं होतं, म्हणून त्या स्वतःच वळणावर उभ्या राहायला लागल्या. शाळेच्या वेळेला काठीला सुनेच्या लाल लुगड्याचा तुकडा बांधून रस्त्याच्या मध्यात. काही गाडीवाले थांबायचे, काही हॉर्न वाजवत बाजूनं काढायचे, काही काच खाली करून शिव्या द्यायचे. पावसाळ्याच्या तोंडाला एका गाडीचा आरसा त्यांना लागून गेला. त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. गाडीवाला थांबला, हे मात्र सांगायला पाहिजे. पण म्हातारं हाड. सगळा पावसाळा खाटेवर गेला. पाठीला जखमा झाल्या. मी जायचो तेव्हा विचारायच्या, "पोरीला कोन नेतंय?" मी सांगायचो, मी नेतो. जमेल तेव्हा नेतही होतो. त्या म्हणायच्या, "मनगट धर. बोटं धरू नगंस, बोटं सुटत्यात."

दिवाळीनंतर, नाचणी काढायला आली होती तेव्हा, त्या गेल्या. दाखल्यावर वृद्धापकाळ लिहिलंय. म्हणजे वळणाच्या खात्यावर तेही धरलं गेलं नाही.

रविवार होता. आक्कांना घेऊन आम्ही वस्तीवरून उतरलो आणि वळणाशी येऊन थांबलो, कारण गाड्या थांबेनात. मडकं धरून मुलगा पुढं, मागं आम्ही चौघं खांद्यावर घेऊन, आणि समोरून एकामागं एक गाड्या. तिरडी रस्त्याच्या कडेला ताटकळत उभी. खांदेकऱ्यांत सरपंचही होता. तो म्हणाला, "जरा दम धरा, मोकळा होईल." नेहमी मसणवट्याच्या वाटेवर चिंचेखाली विसावा देतात. तिथं तिरडी खाली ठेवायची, मूठभर धान्य ठेवायचं, खांदेकऱ्यांनी पुढचे मागं आणि मागचे पुढं व्हायचं, आणि मग उचलायचं.

मी पाय पुढं टाकला. मी पुढच्या खांद्याला होतो, त्यामुळे बाकीच्यांना यावंच लागलं. डांबराच्या बरोबर मध्यावर आलो आणि म्हणालो, "ठेवा खाली. विसावा इथं."

"इथं कुठं? रस्ता हाय," सरपंच म्हणाला.

"ठेवा."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ठेवली. धान्य कुणी आणलं नव्हतं. आक्कांची नात मागं बायांच्यात होती. ती पळत वरच्या खळ्यावर गेली आणि ओंजळीत नाचणी घेऊन आली, आणि आजीच्या उशाला तिनं ती डांबरावर ठेवली. सांडलेले दाणे गोळा करायला कुणी वाकलं नाही. दोन्ही बाजूंना गाड्या थांबत गेल्या. थोडे हॉर्न वाजले, मग पुढच्यांनी पाहिलं असावं, ते बंद झाले. हॉटेलापर्यंत रांग गेली. आम्ही घाई केली नाही.

वळणावर गतिरोधक अजून झालेला नाही. पण त्या दिवसापासून वस्तीवरचं कुणी गेलं की विसावा वळणावरच देतात, कुणी ठरवलं नाही, तशी रीतच पडून गेली. तेवढा वेळ गाड्या थांबतात.